अपघातानंतर ‘काही लागलं नाही’ म्हणणाऱ्यांची तपासणी : कोण कुठं बसलं होतं, तिथून सुरुवात

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपूरच्या एका ताईंच्या घरची मंडळी शेगावहून गजानन महाराजांचं दर्शन घेऊन परत येत होती. रात्री कोंढाळी ओलांडल्यावर, बाजारगावच्या अलीकडे त्यांची गाडी विनादिव्याच्या उभ्या ट्रॉलीवर आदळली. वेग साठ-सत्तरचा असावा. यजमान गाडी चालवत होते, शेजारी दीर, दोघांनीही पट्टा लावलेला, दोन्ही एअरबॅग उघडल्या. मागे ६८ वर्षांच्या सासूबाई पट्ट्याविना आणि ९ वर्षांची मुलगी पट्टा लावून. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढले, ‘मुका मार आहे, घाबरू नका’ म्हणून पहाटे घरी पाठवलं. आता ३६ तास झालेत. यजमानांची छाती खोकताना दुखते. दिरांचा गुडघा सुजला आहे. सासूबाईंची मान आखडली आहे आणि बोटांना मुंग्या येतात. मुलीच्या पोटावर निळसर पट्टा उमटला आहे आणि ती नीट जेवत नाही. ताई विचारतात, बाहेरून तर कोणाला काहीच नाही, मग आणखी तपासण्या करायच्या का, की तो उगाच खर्च?

ताई, आधी मुलीचं. बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल. पोटावर पट्ट्याचा वळ आहे आणि जेवण जात नाही, एवढ्यावरच तिला आज, आत्ता, पोटाचे सर्जन हजर असतील अशा मोठ्या रुग्णालयात न्या. जाताना तिला काही खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं हवं. तिथं पहिलं वाक्य हेच सांगा : ‘गाडी आदळली तेव्हा हिनं पट्टा लावला होता, आणि पोटावर हा वळ आहे.’ फ्रॉक वर करून वळ दाखवा. तुमच्याकडे त्या दिवशीचा एक्स-रे आहे, पण एक्स-रेत आतड्याची सुरुवातीची जखम दिसत नाही.

असं का, ते सांगतो. मोठ्या माणसाला पट्टा बसतो तो मांडीच्या वर, कमरेच्या दोन्ही बाजूंना जी हाडं हाताला लागतात त्यांच्यावर. ते हाड धक्का सोसतं. नऊ वर्षांच्या मुलीची ती हाडं लहान असतात, पाय सीटखाली मोकळे सोडायला ती जरा पुढं सरकून बसते, आणि पट्टा वर चढून थेट मऊ पोटावर येतो. गाडी थांबते त्या क्षणी आतडं पट्टा आणि पाठीचा मणका यांच्यामध्ये चेपलं जातं. आतड्याचा एखादा वेटोळा दोन्हीकडून दाबला गेला तर आतला दाब वाढून तो फुटतो. कधी फुटत नाही, पण आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटतो आणि तेवढा भाग पुढच्या एक-दोन दिवसांत हळूहळू काळा पडतो. या दुसऱ्या प्रकारात पहिल्या रात्री पोट मऊ असतं, सोनोग्राफी साफ असते, कधी कधी सीटी स्कॅनसुद्धा साफ असतो. लिव्हर किंवा डाव्या बरगड्यांमागची प्लीहा फाटली तर स्कॅनमध्ये चटकन कळतं. आतडं तसं नाही.

म्हणून अशा मुलाला भरती करून घ्यायचं आणि दर काही तासांनी, शक्यतो एकाच डॉक्टरच्या हातानं पोट तपासायचं. महागडी तपासणी लागो न लागो, हा हात लागतोच. घरी बघायच्या खुणा म्हणाल तर : वाकून चालणं, हिरवी उलटी, ताप, पोट फुगणं, शांत बसलेली असतानाही नाडी १२०च्या वर राहणं. आणि एक खूण मला पुस्तकापेक्षा आयांनी शिकवली. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की पोरगी पोट धरून कण्हते. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली की जरासा हादराही सहन होत नाही. दवाखान्यात नेताना वाटेत हे नक्की बघा आणि डॉक्टरांना सांगा.

तिच्या कमरेलाही हात लावून बघायला सांगा. याच पट्ट्याभोवती शरीर दुमडतं तेव्हा कमरेचा मणका मागच्या बाजूनं आडवा उघडतो. या फ्रॅक्चरला १९४८ साली त्याचं वर्णन करणाऱ्या डॉक्टर चान्स यांचं नाव आहे. पोटावर वळ आणि कमरेत दुखणं ही जोडी दिसली की दोन्ही जागा तपासल्याशिवाय सोडायचं नाही. समोरून काढलेल्या एक्स-रेत हे सुटून जातं, बाजूनं काढावा लागतो.

मी इतक्या आग्रहानं लिहितो आहे त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत रात्रपाळीला माझ्याकडे कॉलेजातला एक मुलगा आला होता. मागच्या सीटवर मधोमध बसलेला, तिथं फक्त कमरेचा पट्टा. बेंबीच्या खाली दोन बोटं रुंद लालसर रेघ. पोट मऊ, सोनोग्राफीत पाणी नाही. ‘काहीच नाही झालं जी डॉक्टर, फक्त हादरलो,’ असं म्हणाला. कॅज्युअल्टीत तोबा गर्दी होती, मी गोळ्या देऊन घरी पाठवला. दुसऱ्या दिवशी दुपारी आला तेव्हा ओठ कोरडे, पोट लाकडासारखं. रात्री ऑपरेशन झालं, दीड फूट आतडं काढावं लागलं. वाचला, पण ती रेघ मी पाहिली होती, बोटानं मोजली होती, आणि तिचा अर्थ लावला नव्हता. तेव्हापासून अशी रेघ दिसली की मी एक दिवस ठेवून घेतो. नातेवाईक रागावले तरी ठेवून घेतो.

आता सासूबाई. त्यांनाही आजच न्या, त्याच गाडीत. पण आधी मानेला आधार द्या. टॉवेलची जाड गुंडाळी मानेभोवती हलक्या हातानं बसवा, मान इकडेतिकडे वळवून बघू नका, मालीश तर अजिबात नाही. उठता-बसता येत नसेल किंवा पाय लटपटत असतील तर १०८ बोलवा.

त्यांच्या बाबतीत मला खटकतात त्या बोटांच्या मुंग्या. पट्टा नसल्यामुळं त्या सरळ पुढं फेकल्या गेल्या असणार आणि कपाळ पुढच्या सीटच्या पाठीवर आदळून मान मागे मोडल्यासारखी झाली असणार. कपाळावर टेंगूळ आहे का बघा. साठीनंतर मानेच्या मणक्यांना हाडाचे काटे आलेले असतात, मज्जारज्जूची वाट अरुंद झालेली असते. अशी मान झटक्यात मागे गेली की एकही हाड न मोडता मज्जारज्जू चेपू शकतो. एक्स-रे स्वच्छ येतो. गंमत वाटावी असं वागतं हे दुखणं : पायांनी माणूस चालत येतो, पण हात साथ देत नाहीत. कप निसटतो, ब्लाउजचे हूक लागत नाहीत, निऱ्या धरता येत नाहीत. म्हातारी माणसं हे स्वतःहून सांगत नाहीत, सुनेला तर नाहीच नाही. तुम्ही त्यांना समोर बसवून शर्टाचं बटण लावायला सांगा, दोन्ही हातांनी तुमची बोटं दाबायला सांगा.

पासष्टी ओलांडलेल्या माणसाची अपघातानंतर मान दुखत असेल तर जगभर मान्य असलेल्या नियमानुसार स्कॅन करायचाच, साध्या तपासणीवर सोडायचं नाही. आधी सीटी, आणि हाताला मुंग्या किंवा अशक्तपणा असेल तर एमआरआय. हा खर्च उगाच नाही. दुसरी गोष्ट, सासूबाई हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेतात का? घेत असतील तर डोक्याचाही सीटी करा. अशा माणसांच्या डोक्यात हळूहळू झिरपणारं रक्त दोन-चार दिवसांनी, कधी काही आठवड्यांनीही लक्षण दाखवतं : डोकं दुखणं, गुंगी, बोलण्यात घोटाळा. गोळ्यांचं पाकीट सोबत न्या. आणि सगळे स्कॅन साफ आले, तर मात्र मानेचा पट्टा महिनाभर घालून बसू नये. नुसता स्नायूंचा झटका असेल तर मान लवकर हलवती ठेवलेली बरी.

यजमानांची छाती : पट्ट्यानं आणि एअरबॅगनं त्यांचा जीव वाचवला आहे, त्याची किंमत म्हणून छाती दुखते आहे. बहुतेक ती बरगडी असेल किंवा छातीचं मधलं हाड. मधल्या हाडाचं फ्रॅक्चर समोरच्या एक्स-रेत हमखास सुटतं. ईसीजी मात्र काढून घ्या, हृदयाच्या स्नायूला मुका मार बसला असेल तर ठोके बिघडतात. जुन्या पद्धतीनं छातीला घट्ट पट्टी बांधू नका. श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्यूमोनिया होतो. डॉक्टरांनी दिलेलं दुखणं कमी करणारं औषध वेळच्या वेळी घ्यावं, उशी छातीशी धरून खोकावं, तासातासाला दहा लांब श्वास घ्यावेत. धाप लागली, चक्कर आली, किंवा आडवं पडल्यावर डावा खांदा दुखायला लागला तर थांबू नये. खांद्याला काही न लागता दुखणारा डावा खांदा हे पोटातली प्लीहा फाटल्याचं लक्षण असू शकतं, आणि ती दोन-चार दिवसांनीही रक्त सोडते.

इथं एक आपल्याकडची गोष्ट. बऱ्याच परदेशी पुस्तकांत चालक डावीकडे बसतो. आपला चालक उजवीकडे. त्याचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो आणि दार त्याच्या उजव्या अंगाला असतं. म्हणजे चौकात उजवीकडून धडक बसली तर आपल्या चालकाच्या उजव्या बरगड्या आणि त्यामागचं लिव्हर धोक्यात. शेजारी बसलेल्याला डावीकडून धडक बसली तर डाव्या बरगड्या आणि प्लीहा. नवीन डॉक्टरांना मी हे हातानं दाखवून सांगतो, कारण पुस्तकातलं चित्र डोक्यात उलटं बसलेलं असतं.

दिरांचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला आहे, हे गाडी न बघता सांगता येतं. फार तर वाटी तडकली असेल, तर ती एक्स-रेत दिसते. सुटतो तो गुडघ्यातला मागचा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी दोरी. माणूस लंगडत चालतो, महिनाभरानं सूज उतरते आणि मग जिना उतरताना गुडघा दगा देतो. सूज आठवडाभरात उतरली नाही तर हाडांच्या डॉक्टरांना मुद्दाम त्याच्यासाठी दाखवा. आणि एक प्रश्न विचारा, जांघेत किंवा कुल्ल्यात दुखतं का? गुडघ्यावरचा धक्का मांडीच्या हाडातून सरळ खुब्यापर्यंत जातो. खुबा मागे निखळला तर पाय आखूड होतो, आतल्या बाजूला वळतो, माणूस पायावर उभाच राहू शकत नाही. तुमचे दीर चालताहेत, म्हणजे तसं नाही. पण वाचणाऱ्यांसाठी सांगतो, निखळलेला खुबा साधारण ६ तासांच्या आत बसवावा लागतो, नाही तर त्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून ते सडतं. पाय डॅशबोर्डवर ठेवून आरामात बसणाऱ्यांचे खुबे मी पाहिले आहेत. एअरबॅग पापणी लवायच्या आत उघडते, पाय बाजूला घ्यायला वेळच मिळत नाही.

इतक्या वेगवेगळ्या जखमा एकाच धडकेतून का आल्या? कारण धडक तीनदा होते. आधी गाडी ट्रॉलीला धडकते. मग माणूस गाडीच्या आतल्या भागाला धडकतो. मग माणसाच्या आतले अवयव त्याच्याच हाडांना धडकतात, मेंदू कवटीला, हृदय छातीच्या हाडाला. पहिली धडक पोलीस पाहतात, दुसरी वळ आणि टेंगळं पाहून कळते, तिसरी कोणालाच दिसत नाही. आपण ज्याला मुका मार म्हणतो तो हा. पट्टा आणि एअरबॅग दुसरी धडक सौम्य करतात आणि त्यामुळं तिसरीही. तीन ठिकाणी अडकणारा आजचा पट्टा व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या इंजिनिअरनं १९५९मध्ये आणला. पुढं बसणाऱ्याच्या मृत्यूचा धोका तो साधारण निम्म्यानं कमी करतो.

साठच्या वेगानं भिंतीला धडकणं म्हणजे सुमारे १४ मीटरवरून, चौथ्या-पाचव्या मजल्यावरून पडणं. वेग दुप्पट केला की हा मार चौपट होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२०ची मुभा आहे, तो हिशेब ५६-५७ मीटरचा. मांडीवरचं १० किलोचं बाळ आईनं घट्ट धरलं तरी ५०च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर ते १४० किलोचं झाल्यासारखं हातातून सुटतं. यात आईच्या मायेचा किंवा ताकदीचा काही दोष नाही, तेवढं वजन कोणाच्याच हातात राहत नाही.

मागच्या सीटवर पट्टा कशाला, हा समज मला सगळ्यात जास्त छळतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. त्या गाडीत दगावले ते दोघेही मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पुढचे दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. कायद्यानं मागेही पट्टा बंधनकारक आहे, १००० रुपये दंड आहे, पण आपल्याकडे पट्ट्यांवर सीटकव्हर चढवून टाकतात आणि पट्टा अडकवायचं कुलूप पाच वर्षांत बाहेर येत नाही. मागचा पट्टा नसलेला माणूस स्वतः तर जातोच, पुढच्या सीटवर आदळून पुढच्यालाही चेपतो. ताई, सासूबाई मागून यजमानांच्या सीटवर आदळल्या असतील, तर यजमानांची पाठ दुखते का, तेही विचारा.

मुलीला पट्टा लावला ही चूक नव्हती, हे स्पष्ट लिहितो, कारण आया स्वतःला दोष देत बसतात. पट्टा नसता तर ती पुढच्या काचेपर्यंत गेली असती. तिच्या उंचीला बूस्टर सीट हवी होती. साधारण पावणेपाच फूट उंची होईपर्यंत मुलाला बूस्टरवर बसवायचं, म्हणजे खालचा पट्टा मांडीवर आणि वरचा खांद्यावर येतो, गळ्यावर नाही.

कार सोडून दुसऱ्या गाड्यांचं थोडंच लिहितो. एसटीत खिडकीबाहेर कोपर काढून डुलकी घेणाऱ्याचा हात समोरून येणाऱ्या ट्रकनं घासून नेतो. कोपराचा चुरा झालेला असा हात पूर्ववत करणं फार कठीण असतं. ट्रॅव्हल्सनं जाणाऱ्यांनी चढल्याबरोबर संकटकालीन खिडकी कुठं आहे ते बघून ठेवावं. १ जुलै २०२३ला सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर नागपूरहून पुण्याला निघालेली बस पेटली आणि २५ माणसं गेली. आणि मिरची तोडायला, कापूस वेचायला बाया मालवाहू पिकअपमध्ये उभ्यानं नेल्या जातात, वऱ्हाडही तसंच जातं. त्या गाडीत ना सीट, ना पट्टा, ना छत. ती उलटली की एकाच वेळी वीस जखमी येतात, डोकं, मान, कंबर, सगळं. तिथं काय तपासायचं हा सल्ला तोकडा पडतो. ती गाडी रस्त्यावर यायला नको.

अपघात समोर झाला तर : इंजिन बंद करा, मागून येणाऱ्यांना सावध करा, १०८ किंवा ११२ला फोन करा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ही आहे. आग किंवा धूर नसेल तर आत अडकलेल्याला खांदे धरून ओढू नका. डोकं-मान एका रेषेत धरून ठेवा आणि बोलत राहा. वाहणारं रक्त कापडानं घट्ट दाबा. पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अनं त्याला संरक्षण दिलं आहे. २०२५च्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत रोख न भरता मिळतात. खर्चाची भीती वाटत असेल तर भरती करतानाच हे विचारा, आणि अपघाताची नोंद पोलिसांकडे झाली आहे ना हे पक्कं करा. पुढं विम्याच्या दाव्यातही पहिल्या दिवसाचे कागद लागतात.

आणि एक काम लगेच करायचं आहे. गाडी गॅरेजला गेली असेल तर त्यांना हात लावू देऊ नका. घरातल्या कोणाला तरी पाठवून आधी फोटो काढा. स्टेअरिंग वाकलं आहे का, डॅशबोर्डवर डावीकडे गुडघ्याचा खळगा पडला आहे का, काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक आहे का, आणि यजमानांच्या सीटच्या पाठीवर मागून काय खूण आहे. मुलगी ज्या पट्ट्यात होती त्याचाही, जवळून. हे फोटो मोबाइलवर मागवून घ्या आणि मुलीचं पोट तपासणाऱ्या सर्जनला दाखवा. तुम्ही मात्र फोटोंसाठी थांबू नका, तिला घेऊन निघा.